बारीक बी, नाजूक रोप : फुलझाडांच्या रोपवाटिकेविषयी आलेल्या प्रश्नांची उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

फुलझाडांच्या रोपांविषयी आलेले प्रश्न या सल्ल्यात एकत्र घेतले आहेत. टोमॅटो, मिरची, वांग्याच्या रोपवाटिकेत ज्यांचा हात बसला आहे, अशाच मंडळींचे बहुतेक प्रश्न आहेत आणि अडचणीचे मूळही तिथेच आहे. भाजीपाल्याचे बी टपोरे असते. ते थोडे खोल पडले, एखाद्या वेळी पाणी जास्त झाले, उपटताना रोपाचा दांडा दाबला गेला, तरी सांभाळून घेते. हीच सवय बिगोनियाला, लिसियान्थसला किंवा पॉपीला लावली की ट्रे रिकामे राहतात आणि सगळा दोष बियाण्याच्या पाकिटावर जातो.

प्रश्न : पेटुनिया आणि बिगोनियाचे बी दोनदा टाकले. माती भुसभुशीत केली, वरून खताचा पातळ थर दिला, रोज पाणी घातले. एकही कोंब दिसला नाही. बी बोगस होते का?

असेलही, पण तुम्ही लिहिलेला 'वरून खताचा पातळ थर' वाचूनच मला शंका आली. बिगोनियाच्या एका ग्रॅममध्ये ७०-८० हजार बिया मावतात, पेटुनियाच्या ९-१० हजार. एवढ्याशा बियात अन्नाचा साठा नावापुरताच असतो. अर्धा सेंटीमीटर माती फोडून वर यायची ताकद त्यात नसते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही दोन्ही बिया उजेड मिळाल्याशिवाय नीट उगवत नाहीत. स्नॅपड्रॅगन, लोबेलिया, इम्पेशन्स आणि प्रिम्युला यांचेही तसेच आहे.

उजेडाची ही भानगड बियाला कळते कशी, हे शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवर शोधले. १९५२ साली अमेरिकेच्या कृषी विभागातील बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की भिजलेल्या बियाला लाल प्रकाश मिळाला तर ते उगवते, त्यापाठोपाठ अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश दिला तर थांबते, आणि असे कितीही वेळा आलटून-पालटून केले तरी शेवटी कोणता प्रकाश मिळाला त्यावरच निकाल लागतो. हिरव्या पानांमधून गाळून येणाऱ्या उजेडात लाल भाग कमी उरतो आणि अतिलाल जास्त. म्हणजे आपल्या डोक्यावर माती आहे, दुसऱ्या झाडाची सावली आहे की मोकळे आकाश, हे बी आधी चाचपून बघते. आपण त्याच्यावर खताचा थर ओढला की ते मुकाट्याने पडून राहते.

आता पुन्हा टाकाल तेव्हा असे करा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), व्हर्मिक्युलाइट आणि परलाइट (दोन्ही हलकी, फुगवलेली खनिजे) ३:१:१ या प्रमाणात घ्या. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन पिळून मगच वापरा. मिश्रण ट्रेमध्ये भरून सपाट करा आणि बी टाकण्याच्या आधीच भिजवून निथळू द्या. बी टाकल्यावर झारी लावली तर सगळे बी वाहत एका कोपऱ्यात जाते. बियांमध्ये दहापट कोरडी बारीक वाळू मिसळा, कडक कागदाला मधोमध घडी घालून त्यात ती घ्या आणि कागदाला बोटाने टिचक्या मारत मारत ट्रेवर फिरवा. वाळू पांढरट दिसते, त्यामुळे बी कुठे पडले आणि कुठे राहिले ते कळते. मग सपाट फळीने अलगद दाबा. वरून काहीही टाकू नका.

ट्रेवर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक घाला आणि तो उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. झाकलेला ट्रे उन्हात तापतो आणि बी आतल्या आत शिजते. तापमान २२ ते २५ अंश सेल्सिअस असावे. पाणी द्यायचे ते खालून. ट्रे उथळ पाण्यात ठेवायचा आणि वरचा थर ओलसर, गडद दिसू लागला की काढायचा. पेटुनियाला साधारण ७ ते १० दिवस लागतात. बिगोनिया दोन ते तीन आठवडे घेतो आणि उगवल्यावरही पुढचे काही आठवडे हिरव्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. या काळात घाबरून खत देणारे लोक फार आहेत. देऊ नका.

पाकिटात रंगीत गोळ्यांसारखे बी आले असेल तर ते लेप दिलेले बी आहे. त्याचा लेप पूर्ण विरघळेपर्यंत ओल तुटता कामा नये. अर्धवट भिजून वाळलेला लेप कडक होतो आणि कोंबाला आतच कोंडतो.

बियाण्याबद्दल तरीही शंका वाटत असेल तर ओल्या टिपकागदावर २० बिया ठेवा, झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून उजेडात, वर सांगितलेल्या तापमानाला ठेवा. तीन आठवड्यांत निम्म्याही उगवल्या नाहीत तर बियाण्याविषयी खुशाल तक्रार करा. त्यासाठी पाकीट आणि त्यावरचे लेबल फेकू नका.

प्रश्न : पॅन्सी आणि सायक्लेमेनला तर भरपूर उजेड आणि ऊब दिली, तरी उगवण नाही. असे कसे?

कारण त्यांना दोन्ही नको असते. पॅन्सी, सायक्लेमेन, डेल्फिनियम, व्हर्बिना यांचे बी अंधारात बरे उगवते, म्हणून त्यांच्यावर बियाच्या जाडीइतका थर द्या आणि ट्रे काळ्या कागदाने झाका. पॅन्सीला १८ ते २० अंश पुरे, २५ च्या वर गेले की उगवण घसरते. सायक्लेमेन आणि डेल्फिनियमला १५ ते १८ अंश लागतात. सायक्लेमेनचे बी १२ ते २४ तास पाण्यात भिजवून टाका आणि महिना-दीड महिना धीर धरा. पहिला कोंब दिसल्या दिवशी काळा कागद काढायचा. एक दिवस उशीर झाला तरी रोपे पांढरी आणि लांबुळकी होतात, म्हणून कागद उचलून रोज बघत जा.

व्हर्बिनाची एक वेगळीच खोड आहे. त्याला चिंब माती चालत नाही. मिश्रण आदल्या दिवशी भिजवून ठेवा, मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपत ओल असताना बी टाका आणि कोंब येईपर्यंत शक्यतो पुन्हा पाणी देऊ नका.

लॅव्हेंडरचे बी हट्टी आहे, पण त्याचे कारण वेगळे. त्याला आधी थंडी सोसल्याची खूण लागते. ओलसर वाळूत मिसळून, पिशवीत बंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ४-५ अंशांना तीन-चार आठवडे ठेवा आणि मग उजेडात पेरा. गुलाबाचे बी असेल तर हाच मुक्काम दीड ते तीन महिन्यांचा करावा लागतो. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. भिजलेले बी गोठले की संपले.

प्रश्न : कर्दळ, गोकर्ण आणि स्वीट पीच्या बिया महिनाभर मातीत जशाच्या तशा राहतात. कुजतही नाहीत, उगवतही नाहीत.

कुजत नाहीत म्हणजे आत पाणीच शिरलेले नाही. या बियांचे कवच जलरोधक असते. हे कवच किती काळ टिकू शकते त्याचे प्रसिद्ध उदाहरण कमळाचे आहे : १९५१ साली जपानमध्ये चिबा येथे ओगा इचिरो या वनस्पतिशास्त्रज्ञांना खोदकामात कमळाच्या जुन्या बिया सापडल्या. त्यांचे वय सुमारे दोन हजार वर्षे मानले जाते. त्यांतल्या एका बियापासून वाढलेल्या झाडाला १९५२ मध्ये फूल आले.

तुम्हाला एवढे थांबायचे नाही, तेव्हा कवचाला वाट करून द्या. बी ज्या जागी शेंगेला चिकटलेले होते तिथे बारीक व्रण दिसतो, त्याला बियाचा डोळा म्हणतात. कोंबाचे मूळ त्याच्याच आसपास असते, म्हणून घासायचे ते डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. सॅंडपेपरवर किंवा कानशीवर बी घासत राहा. काळ्या-तपकिरी कवचाखाली फिकट रंगाचा ठिपका दिसला की तिथेच थांबा. आतला पांढरा गर खरवडला गेला तर बी सडते. मग कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत फुगलेल्या बिया लगेच पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. कर्दळीचे कवच दगडासारखे असते, तिला २४ तास लागतात. स्वीट पी मात्र १२ तासांहून जास्त पाण्यात ठेवू नका.

बी खूप असेल तर घासत बसणे शक्य नाही. तेव्हा पाणी उकळून थोडे निवू द्या, साधारण ८० अंशांवर आले की बियांवर ओता आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. गोकर्णाला हे चालते. गंधकाम्लाची पद्धत काहींनी विचारली आहे. ती प्रयोगशाळेतली गोष्ट आहे, घरी किंवा शेतावर करू नये.

प्रश्न : रोपे छान उगवली, दोन इंच झाली आणि एका रात्रीत आडवी पडली. पाने हिरवीच आहेत. पाणी कमी पडले असे समजून लगेच पाणी दिले.

ही मर आहे, रोपे कोलमडण्याचा रोग. एक रोप हातात घेऊन मातीलगतचा दांडा बघा. तिथे तो पाणथळ, मऊ होऊन दोऱ्यासारखा बारीक झालेला असेल किंवा तांबूस तपकिरी पडून आक्रसला असेल. पहिली खूण बहुधा पिथियम या बुरशीची, दुसरी रायझोक्टोनिया या बुरशीची. शेंड्याला अजून बातमी पोहोचलेली नसते, म्हणून पाने हिरवी दिसतात. तुम्ही दिलेल्या पाण्याने बुरशीचे काम सोपे झाले.

पडलेल्या रोपांच्या जागा नीट बघितल्या तर त्या गोल चकत्यांसारख्या पसरताना दिसतील. चकती आणि तिच्या कडेची दोन बोटे रुंदीची निरोगी दिसणारी रोपेही मातीसकट काढून टाका. ती वाचणार नाहीत, उलट रोग पुढे नेतील. उरलेल्या भागाला कॉपर ऑक्सिक्लोराईड (५० टक्के, पाण्यात मिसळणारी भुकटी) १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम या प्रमाणात आळवणी करा. हातमोजे घाला, लेबल वाचा. त्यानंतर वरचा थर कोरडा दिसेपर्यंत पाणी बंद.

औषधाने पडलेले रोप उभे राहत नाही, त्यामुळे खरी लढाई आधीची आहे. बी दाट टाकू नका. दाटीत दांड्यांजवळ हवा खेळत नाही आणि माझ्या पाहण्यात तरी मरीचे सर्वात मोठे कारण हेच आहे. पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो. कच्चे शेणखत रोपवाटिकेत आणूच नका. जुने ट्रे धुतल्याशिवाय वापरू नका. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयुक्त बुरशी) वापरायचे तर ते बी टाकण्याच्या आधी मिश्रणात घाला किंवा बीजप्रक्रियेत, बियाण्याच्या किलोला ४-५ ग्रॅम या प्रमाणात. ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक पाठोपाठ देणारे शेतकरी भेटतात. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, बुरशीनाशकाने तीही मरते. दोन्हींत आठ-दहा दिवसांचे अंतर हवे.

गादीवाफ्यावर बी टाकणार असाल तर कडक उन्हाच्या दिवसांत वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट ताणून ठेवा, कडा मातीने बुजवा, म्हणजे माती तापून तिच्यातली रोगाची बुरशी मरते. काळे प्लास्टिक नको, त्याने माती तेवढी तापत नाही.

प्रश्न : ट्रेमधून लहान पिशव्यांत रोपे बसवताना निम्मी मरतात. रोप कधी, कसे उचलावे?

या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होते आणि ते सगळे टाळता येते.

आधी वेळ. उगवल्यावर जी दोन पाने येतात ती बीजदले, ती खरी पाने नव्हेत. बीजदले पूर्ण उघडली आणि त्यांच्यामधून पहिले किंवा दुसरे खरे पान डोकावू लागले की रोप उचलायच्या लायकीचे झाले. 'अजून थोडे मोठे होऊ दे' असे म्हणत थांबलात तर मुळे शेजारच्या मुळांत गुंतली जातात आणि सोडवताना तुटतात. बिगोनियासारखी अगदीच चिमुकली रोपे एकेक उचलण्यापेक्षा चार-पाचचा झुपका एकत्र हलवा आणि नंतर विरळणी करा.

उचलण्याच्या दोन तास आधी ट्रेला पाणी द्या. कोरड्या मिश्रणातून रोप ओढले की मुळांवरचे केसासारखे मूलरोम मातीतच राहतात. पाणी शोषण्याचे काम प्रामुख्याने तेच करतात. चिखलातूनही उचलू नये, मातीचा गोळा स्वतःच्या वजनाने गळतो आणि मुळे ओढतो.

बोथट टोकाची काडी किंवा चमच्याचा दांडा रोपाच्या बाजूने तिरका खुपसा आणि मुळांखालून मिश्रण उचलून सैल करा. दुसऱ्या हाताने रोप धरायचे ते बीजदलाला. दांड्याला कधीही नाही. बीजदल फाटले तर रोप दुसऱ्या पानावर निभावून नेते, पण दांडा एकच असतो आणि तो कोवळा असताना बोटांच्या चिमटीत आतल्या नळ्या चेपतात. वरून काहीच दिसत नाही. दोन दिवसांनी रोप त्याच जागी मोडते आणि आपण मर समजून औषध मारतो.

नव्या पिशवीत काडीने आधी भोक करून ठेवा, मुळाच्या लांबीइतके खोल. मूळ सरळ खाली सोडा. ते वर वळले तर रोप महिनाभर जागच्या जागी राहते. खोली किती हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आहे. पेटुनिया, झेंडू, स्नॅपड्रॅगन यांची उंचावलेली रोपे बीजदलांपर्यंत खोल बसवली तर चालतात. जर्बेरा, प्रिम्युला, लिसियान्थस यांची पाने जमिनीलगत एका जागेतून निघतात, ती जागा मातीखाली गेली की कुजते. त्यांना पूर्वी होती तेवढीच खोली द्या. सायक्लेमेनचा कंद तर अर्धा उघडाच ठेवायचा.

माती दाबायची ती मुळाच्या बाजूने, दोन बोटांनी, हलकेच. अंगठ्याने दांड्याजवळ दाबून 'घट्ट' करण्याची सवय सोडा. बारीक झारीचे पाणी हेच माती बसवण्याचे खरे साधन आहे.

हे काम संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करा. नंतर तीन-चार दिवस सावलीत ठेवा. या दिवसांत पाने मलूल दिसतील. पिशवीत बोट घालून बघा. ओल असेल तर पाणी देऊ नका, पानांवर फक्त धुक्यासारखा फवारा मारा. मुळे अजून पाणी उचलत नाहीत, त्यांना आणखी पाणी देऊन उपयोग नसतो, उलट ती गुदमरतात. नवे पान निघताना दिसले की मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले) हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

बागेत लावण्याआधी रोपे कणखर करून घ्या. पहिल्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन तासभर, मग रोज थोडे वाढवत, ७ ते १० दिवसांत पूर्ण उन्हावर आणा. पाणीही थोडे आवळा, पण पाने लटकेपर्यंत नाही.

प्रश्न : पॉपी, लार्कस्पर आणि ल्युपिनची रोपे तुम्ही सांगता तशीच बसवली, तरी मेली.

मरणारच. या झाडांचे सोटमूळ पानांच्या आधी खोल पळते आणि त्याचे टोक दुखावले की रोप पुन्हा सावरत नाही. पॉपी आणि लार्कस्पर थेट जागेवरच पेरा आणि विरळणी करा. विरळणीत काढलेली रोपे दुसरीकडे लावायचा मोह होतो, तो सोडा. नको असलेली रोपे उपटण्यापेक्षा कात्रीने मातीलगत कापा, म्हणजे शेजारच्या मुळाला धक्का लागत नाही.

ल्युपिन, नॅस्टर्शियम, स्वीट पी यांना वर्तमानपत्राच्या नळीत वाढवता येते. नळी ८-१० सेंटीमीटर उंच करा आणि रोप नळीसकट लावा. लावताना कागदाची कड मातीच्या वर राहू देऊ नका. ती कड हवेत वाळत राहते आणि आतल्या मातीतली ओल वातीसारखी वर ओढून घेते. वरचा एक पेर कागद फाडून टाका किंवा पूर्ण बुजवा.

पपईच्या रोपाचेही मूळ असेच नाजूक, म्हणून पिशवी उलटी न करता तळ कापून पिशवीसकट खड्ड्यात ठेवा आणि मग बाजूने प्लास्टिक चिरून ओढून काढा. पपईचे घरचे बी असेल तर त्याभोवतीचे बुळबुळीत आवरण राखेने चोळून काढल्याशिवाय पेरू नका, त्यात उगवण रोखणारी द्रव्ये असतात.

प्रश्न : लिसियान्थसची रोपे चार महिन्यांची झाली. पानांचा चकतीसारखा झुपका झाला आहे, दांडा वर येत नाही.

रोपावस्थेत उष्णता लागली की लिसियान्थस असा बसतो. दिवसा २८ अंशांच्या वर आणि रात्रीही उबदार असे काही आठवडे गेले की रोप झुपक्यात अडकते आणि खत देऊन उठत नाही. पुढच्या वेळी रोपे वाढवण्याचे पहिले दोन महिने थंड काळात येतील असे बघून बी टाका. बी उजेडात, न झाकता, २० ते २५ अंशांना १० ते १५ दिवसांत उगवते. दोन जोड्या, म्हणजे चार खरी पाने झाली की लगेच लावा. मुळे ट्रेच्या तळाशी गुंडाळली जाईपर्यंत थांबलेले रोपही असेच खुंटते. आत्ता आहेत त्या झुपक्यांना चार-पाच आठवडे १० ते १५ अंशांची थंडी देता आली तर काही उठतील. तशी सोय नसेल तर जागा मोकळी करा.

प्रश्न : उरलेले बी पुढच्या वर्षी चालेल का?

पॅन्सी, पेटुनिया दोन-तीन वर्षे चालतात. जर्बेरा आणि डेल्फिनियमचे बी लवकर मरते, ते त्याच हंगामात संपवा. बाकीच्यांसाठी हिशेब सोपा आहे : बियातला ओलावा १ टक्का उतरला किंवा साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते. फक्त ओलावा ५ टक्क्यांच्या खाली नेऊ नये. पाकीट दुमडून हवाबंद बाटलीत घाला, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवा. पेरायच्या दिवशी बाटली बाहेर काढली की लगेच झाकण उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार बियांवर बाहेरच्या हवेतले दव बसते आणि उरलेल्या पाकिटांत ओल शिरते.